गाठ हाताला लागत नाही, मग मानेला चिरा कशाला?

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं म्हणजे, "सुरी लागली की तो पसरतो, हात लावू देऊ नका." मग डॉक्टर सांगतात, जिभेवरची जखम काढू आणि त्याच वेळी मानेतल्या गाठीही काढू. तेव्हा दुसरं वाक्य निघतं, "मानेत तर काहीच लागत नाही. तिथं कशाला कापायचं? बिल वाढवायला?"

मैत्रिणींनो, हे प्रश्न चुकीचे नाहीत. ज्याच्या अंगाला सुरी लागणार त्याने विचारलंच पाहिजे. दुसऱ्या प्रश्नावर तर जगभरचे डॉक्टरसुद्धा कित्येक वर्षं आपापसात भांडत होते. त्याचं पक्कं उत्तर मिळालं ते आपल्या मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, दहा वर्षं चाललेल्या एका अभ्यासातून. पहिल्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच दडलेलं आहे. म्हणून तो अभ्यास काय होता, कसा केला आणि त्यातून आपल्या कामाचं काय निघालं, ते जरा सविस्तर बघू.

तोंडातली जखम आणि मानेतली चाळण

पायाला काटा लागून पिकलं की जांघेत अवधाण येतं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. हाताला जखम झाली की काखेत येतं. असं का होतं? शरीरात रक्ताच्या नळ्यांशिवाय आणखी एक बारीक नळ्यांचं जाळं असतं. त्यातून पाण्यासारखा द्रव वाहतो आणि वाटेत ठिकठिकाणी छोट्या गाठींमधून गाळला जातो. पीठ चाळताना भुसा वर राहतो तसे जंतू या गाठींत अडकतात. जांघ, काख आणि मान इथं या गाठी जास्त असतात. या गाठी सगळ्यांनाच असतात, त्या म्हणजे आजार नव्हे.

जीभ, गाल, हिरड्या, घसा इथला द्रव मानेतल्या गाठींकडे जातो. तोंडात कॅन्सर असेल तर त्यातल्या काही पेशी सुटून त्याच वाटेनं मानेत पोहोचतात आणि तिथं अडकतात. सुरुवातीला त्या इतक्या थोड्या असतात की गाठ वाढतही नाही. मटकीच्या दाण्याएवढ्या गाठीत चार पेशी लपून बसल्या तर डॉक्टरांच्या बोटाला काय लागणार? सोनोग्राफीत आणि स्कॅनमध्येही त्या बऱ्याचदा सुटतात. सुक्ष्मदर्शकाखाली गाठ कापून बघितली तरच कळतं.

भांडण इथंच होतं. काही डॉक्टर म्हणायचे, तोंडाचं ऑपरेशन करतानाच मानेतल्या गाठी काढून टाका, लपलेलं असेल ते निघून जाईल. दुसरे म्हणायचे, बहुतेकांच्या मानेत काहीच नसतं, त्यांना उगाच का कापायचं? मानेला मोठा चिरा, खांद्याला त्रास. त्यापेक्षा तोंडातलं काढा, रुग्णाला नेमानं बोलवा, मान तपासत राहा आणि गाठ आलीच तर तेव्हा ऑपरेशन करा.

दुसऱ्यांचं म्हणणं मला तरी वाचताना पटलं होतं. खांदा गेला तर डोक्यावरून पाणी कोण आणणार, भाताची लावणी कोण करणार? पण पहिल्यांकडेही एक मुद्दा होता आणि तो आपल्या गावच्या माणसांना अगदी लागू पडतो. नेमानं परत येणार कोण? रोजंदारी बुडवून, एसटी आणि लोकल बदलून, दुखत नसताना नुसती मान दाखवायला दर दोन महिन्यांनी मुंबईला किती जणी येतील?

दोन्हीकडे अनुभवी माणसं होती. पण अनुभवावर हा प्रश्न सुटत नव्हता. छोटे अभ्यास झाले होते. १९८९ मध्ये टाटामधूनच ७० रुग्णांचा एक अभ्यास छापून आला, पण एवढ्या थोड्या लोकांवरून नक्की काही ठरेना.

भिशीच्या चिठ्ठीसारखी निवड

२००४ मध्ये टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रुझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर सोडवायला घेतला. तोंडात एका बाजूला लहान, म्हणजे चार सेंटिमीटरच्या आतला कॅन्सर आहे, मानेत गाठ लागत नाही आणि आधी कुठलेही उपचार झालेले नाहीत, अशाच रुग्णांना त्यात घेतलं. २०१४ पर्यंत ५९६ जण सहभागी झाले. त्यातल्या बहुतेकांना जिभेचा कॅन्सर होता.

सगळ्यांचं तोंडाचं ऑपरेशन झालं. फरक फक्त मानेचा. एका गटाच्या मानेतल्या गाठी त्याच वेळी काढल्या. दुसऱ्या गटाच्या मानेला हात लावला नाही, तपासायला बोलावत राहिले आणि गाठ दिसली तरच काढली.

कोण कुठल्या गटात जाणार हे कसं ठरलं, हे नीट समजून घ्यायला हवं. ते डॉक्टरांनी ठरवलं नाही आणि रुग्णानंही नाही. आपली भिशी लागते तशी चिठ्ठी निघाली, फक्त ती संगणकानं काढली.

ऐकायला हे विचित्र वाटतं. जिवाचा प्रश्न आणि चिठ्ठ्या काय टाकता? पण विचार करा. डॉक्टरांनी निवड केली असती तर धडधाकट, तरुण रुग्ण त्यांनी मोठ्या ऑपरेशनला घेतले असते आणि वयस्कर, अशक्त रुग्ण दुसऱ्या गटात टाकले असते. मग पहिला गट जास्त जगला, तर तो ऑपरेशनमुळे जगला की मुळात तब्येतीनं चांगला होता म्हणून, हे कुणाला सांगता आलं असतं? भिशीत चिठ्ठी का टाकतो? सचिव आपल्या जावेला आधी देईल हा संशय राहू नये म्हणून. इथंही तेच. चिठ्ठी टाकली की दोन्ही गटांत तरुण-म्हातारे, अशक्त-धडधाकट सारखेच विखुरले जातात. पुढे जो फरक दिसतो तो उपचाराचाच.

आणखी एक गोष्ट. चिठ्ठी टाकणं तेव्हाच न्यायाचं, जेव्हा कुठला उपचार चांगला हे खरोखर कुणालाच माहीत नसतं. एक चांगला आहे हे माहीत असताना दुसरा देणं हा अन्याय झाला. म्हणूनच असा अभ्यास चालू असताना त्याच्यावर नजर ठेवणारी वेगळी समिती असते. उपचार करणारे डॉक्टर त्या समितीत नसतात. मधूनमधून ती आकडे बघते. या अभ्यासात पुरेसे रुग्ण होऊन फरक स्पष्ट दिसला, तेव्हा नवीन रुग्णांसाठी चिठ्ठ्या टाकणं थांबवण्यात आलं.

मग काय दिसलं?

३१ मे २०१५ रोजी पहिल्या ५०० रुग्णांचा निकाल जाहीर झाला आणि "न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन" या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आला. मानेतल्या गाठी लगेच काढलेले २४५ जण होते आणि वाट बघितलेले २५५.

तीन वर्षांनंतरचा हिशोब असा. लगेच काढलेल्यांपैकी शंभरातले ८० जण हयात होते. वाट बघितलेल्यांपैकी शंभरातले ६७ ते ६८. आजार परत उलटला तो लगेच काढलेल्यांत ८१ जणांना आणि वाट बघितलेल्यांत १४६ जणांना. पहिल्या गटातले ५० जण दगावले, दुसऱ्यातले ७९.

बचत गटाच्या हिशोबानं सांगायचं तर, असे आठ रुग्ण घ्या. आठही जणांच्या मानेतल्या गाठी लगेच काढल्या, तर वाट बघण्याच्या तुलनेत एकाचा जीव जास्त वाचतो. आणि दर चार जणांत एकाचा आजार उलटायचा टळतो.

कुणी म्हणेल, आठात एकच? मग बाकीच्या सात जणांनी कशाला सोसायचं? प्रश्न रास्त आहे. अडचण अशी, की तो एक कोण हे ऑपरेशनच्या दिवशी कुणालाच दिसत नाही. मानेत काहीच लागत नव्हतं अशा ज्या लोकांच्या गाठी लगेच काढल्या, त्या तपासल्यावर दहातल्या जवळपास तिघांच्या गाठीत कॅन्सर निघाला. ज्यांच्या बाबतीत वाट बघितली त्यांच्या मानेत जेव्हा गाठ दिसली, तेव्हा तिथला आजार बऱ्याचदा पुढे गेलेला होता, काहींच्या गाठीचं आवरण फोडून बाहेर आलेला होता. म्हणजे गाठ दिसेपर्यंत थांबायचं म्हटलं, तर दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. आणि लक्षात घ्या, त्या रुग्णांना टाटाचे डॉक्टर बोलावून तपासत होते. घरी बसून राहणाऱ्याचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

म्हणून आता जिभेच्या किंवा गालाच्या लहान कॅन्सरवर ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टर म्हणाले, मानेतल्या गाठीही काढू, तर त्यामागे हे ५०० लोक आहेत. बिलाचा विषय नाही.

"सुरी लागली की पसरतो"

आता पहिलं वाक्य. हे आपल्याकडे इतकं खोल बसलंय की शिकलेली माणसंही म्हणतात. ते आलं कुठून हे समजण्यासारखं आहे. गावात कुणाचं तरी ऑपरेशन होतं, सहा महिन्यांत आजार पसरतो, माणूस जातो. लोक म्हणतात सुरीनं पसरवला. खरं तर तो माणूस गेला तेव्हाच आजार मानेत, पुढे फुफ्फुसात पोहोचलेला असतो. सुरी नंतर आली.

वरच्या अभ्यासाकडे या नजरेनं बघा. सुरीनं पसरत असता, तर ज्यांना जास्त कापलं ते आधी गेले असते. झालं उलटं. ज्यांना जास्त कापलं ते जास्त जगले.

बायोप्सीचंही तसंच. जखमेचा बारीक तुकडा काढून तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही हे सांगताच येत नाही. "तुकडा काढू देऊ नका" म्हणून लोक तीन-चार महिने झाडपाला लावत बसतात आणि तेवढ्यात चार सेंटिमीटरच्या आतली जखम बाहेर जाते. मग हा अभ्यास ज्यांच्यासाठी होता त्या रुग्णांत आपण बसतच नाही. मोठी जखम आणि मानेत गाठ असेल तर ऑपरेशनही मोठं होतं, सोबत रेडिएशन, कधी केमोही लागते.

खांद्याचं काय?

हे न सांगता पुढं गेलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या नसेच्या अगदी जवळ काम करावं लागतं. ती नस डॉक्टर जपतात, तरी काहींचा खांदा जड होतो, हात डोक्याच्या वर जात नाही, मानेची आणि कानाच्या पाळीची कातडी बधिर होते. अभ्यासात ऑपरेशनमुळे झालेला त्रास लगेच गाठी काढलेल्यांत शंभरात साधारण सहा-सात जणांना आणि दुसऱ्या गटात तीन-चार जणांना होता. म्हणजे त्रास आहे, पण जिवाच्या हिशोबापुढे लहान.

यात घरच्यांनी करायचं एक काम आहे. दवाखान्यातून निघताना खांद्याचे व्यायाम दाखवतात. बहुतेक जणी घरी येऊन आठवड्यात सोडून देतात, कारण दुखतं. मग खांदा तिथंच धरतो. पहिले काही महिने भरलेला हंडा, लाकडाची मोळी, सिलिंडर उचलायचं नाही, आणि व्यायाम रोज करायचा. गटातल्या कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल तर पाण्याची पाळी आपापसात वाटून घ्या. फळं घेऊन भेटायला जाण्यापेक्षा तिला त्याचा जास्त उपयोग होईल.

सहीचा कागद

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात गेल्यावर कधी कधी विचारतात, "आमचा एक अभ्यास चालू आहे, भाग घ्याल का?" सही म्हटलं की आपल्या बायांना आधी कर्ज आठवतं, आणि "प्रयोग" म्हटलं की उंदीर. म्हणून काही जणी घाबरून केसपेपर घेऊन निघून येतात. काही जणी न वाचताच अंगठा देतात. दोन्ही नको.

अभ्यासात भाग घ्यायचा की नाही हे सर्वस्वी रुग्णानं ठरवायचं. नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार मिळालेच पाहिजेत. हो म्हणून नंतर मन बदललं तर कधीही बाहेर पडता येतं, कारण सांगावं लागत नाही. माहितीचा कागद आपल्याला समजेल अशा भाषेत हवा. मराठीत मागा. वाचता येत नसेल तर तो वाचून दाखवताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा लागतो. कागद घरी नेऊन नवऱ्याला, मुलीला, आशाताईंना दाखवायला वेळ मागता येतो. आणि त्या कागदाची एक प्रत आपल्याकडे राहते.

भारतात औषधांच्या अशा अभ्यासांसाठी २०१९ चे नियम आहेत. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार मोफत करावे लागतात आणि नियमाप्रमाणे भरपाईही द्यावी लागते. प्रत्येक अभ्यासाला नीतिविषयक समितीची मंजुरी लागते आणि तिचा संपर्क त्या कागदावर असतो. जून २००९ पासून औषध-उपचारांच्या चाचण्यांची सरकारी नोंदवहीत नोंद करणं बंधनकारक आहे. "याची नोंद झाली आहे का, नंबर काय?" एवढं विचारलं तरी समोरच्याला कळतं की बाई जाणती आहे.

विचारायचे प्रश्न साधे आहेत. मी भाग घेतला नाही तर मला काय उपचार मिळतील? चिठ्ठी आहे का, आणि दोन चिठ्ठ्यांत काय काय आहे? जास्तीच्या फेऱ्या किती होतील, आणि गाडीभाडं कोण देणार?

अशा अभ्यासांतून गरिबाच्या फायद्याचंही निघतं, याचं आणखी एक उदाहरण टाटामधलंच आहे. ज्यांचा तोंडा-घशाचा कॅन्सर ऑपरेशनच्या पलीकडे गेला आहे, त्यांना सलाइनमधून सिस्प्लॅटिन नावाची केमो देतात. तिथल्या डॉक्टरांनी ४२२ रुग्णांत चिठ्ठ्या टाकून तिची तुलना दोन स्वस्त गोळ्यांशी केली. मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब. सांधेदुखीच्या रुग्णांना देतात त्याच या गोळ्या. २०२० मध्ये निकाल आला. गोळ्या घेणारे सलाइनवाल्यांपेक्षा कमी नाही, उलट थोडे जास्तच जगले. साधारण साडेसात महिने विरुद्ध सहा महिने. फरक लहान आहे, आजार बरा होत नाही, हे खरं. पण शेवटचे महिने दवाखान्याच्या खाटेवर घालवायचे की घरी गोळ्या घेऊन, हा फरक लहान नाही. मात्र या गोळ्या दुकानातून आपल्या मनानं आणून घ्यायच्या नाहीत. मेथोट्रेक्सेटचा डोस चुकला तर जिवावर बेततं.

मशेरी आणि टॉर्च

हे सगळं लहान जखम असतानाच उपयोगाचं. मग लहान असताना ती सापडणार कशी?

तंबाखू म्हटलं की आपण पुरुषांकडे बोट दाखवतो. पण सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करतं कोण? दात घासायला म्हणून सुरू होते, मग दुपारी एकदा, भूक मारायला एकदा, संडासला होत नाही म्हणून एकदा. बाळंतपणातही सुटत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? मशेरी हा तंबाखूच आहे, भाजली म्हणून निरुपद्रवी होत नाही. नुसत्या सुपारीनंही गालाची आतली कातडी ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं.

महिन्यातून एकदा, उजेडात, आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन तोंड बघा. आधी चूळ भरा. ओठ उलटा, दोन्ही गालांची आतली बाजू बघा, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा बघा, जीभ वर करून खालची जागा बघा. तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, कारण नसताना हलणारा दात, मानेत नवी गाठ, तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला आवाज, गिळताना अडकणं, यातलं काहीही असेल तर दाखवायचं. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. सुरुवातीला दुखतच नाही, हीच तर फसगत.

कानाचंही एक सांगते. कान दुखतो, पण कानात मळ नाही, पू नाही, ऐकू नीट येतं. अशी एका बाजूची कानदुखी चालूच राहिली, आणि बाई तंबाखू खाणारी असेल, तर डॉक्टरांना जीभ आणि घसा बघायला सांगा. जिभेच्या मागच्या भागाच्या आणि घशाच्या नसांचा कानाशी संबंध असतो, त्यामुळे तिथला आजार कधी कधी कानात दुखतो. आणि आपण लसणीचं तेल ओतत बसतो.

बघायला डॉक्टरच हवेत असंही नाही. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा अभ्यास झाला. जवळपास १ लाख ९२ हजार लोक. काही भागांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन टॉर्चनं लोकांची तोंडं बघितली. तीन-तीन वर्षांच्या अंतरानं. बाकीच्या भागांत नेहमीप्रमाणे चाललं. २००५ मध्ये छापलेल्या निकालात, तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. सवय नसलेल्यांत तसा फायदा दिसला नाही. म्हणजे गावात कुणाची तोंडं आधी बघायची हेही कळलं. आपल्याकडे ३० वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी उपकेंद्रात व्हावी असा सरकारी कार्यक्रम आहे, आशाताई त्याचा फॉर्म भरतात. फॉर्म भरून झाला की "तोंड कधी बघणार?" हे विचारायला विसरू नका.

मुंबईला कुठं जायचं

आपल्या गावातल्या कितीतरी घरांचं कुणी ना कुणी बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंडला राहतं. पेशंट घेऊन आपण आधी तिथंच उतरतो. सरळ परळ गाठायची घाई नेहमीच लागत नाही. विलेपार्ल्याचं कूपर, कांदिवलीचं शताब्दी, घाटकोपरचं राजावाडी, मुलुंडचं अगरवाल ही महापालिकेची रुग्णालयं आहेत. तिथं कान-नाक-घशाच्या ओपीडीत जखम दाखवून पुढं काय करायचं ते विचारता येतं. केसपेपर सकाळी निघतो, म्हणून नातेवाईकाकडे आदल्या रात्री पोहोचलेलं बरं. तंबाखू-मशेरी किती वर्षं चालू आहे ते लाज न बाळगता सांगा, डॉक्टरांना त्यावरूनच अंदाज येतो.

टाटाला पाठवलं तर घाटकोपर-मुलुंडहून मध्य रेल्वेची स्लो गाडी धरून परळला उतरायचं. अंधेरी-बोरिवलीहून पश्चिम रेल्वेची स्लो गाडी धरून प्रभादेवीला, म्हणजे जुन्या एल्फिन्स्टन रोडला. फास्ट गाडी या स्टेशनांवर थांबत नाही. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांनाही बसता येतं, त्यासाठी रुग्णालयाचा कागद जवळ ठेवा. लांबच्या गाड्यांच्या तिकिटात रुग्णाला आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते, तिचा फॉर्म रुग्णालयातच भरून देतात. राहायची सोय नसेल तर दादरला गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत कॅन्सरच्या रुग्णांना जागा देतात, मात्र ती मिळेलच असं धरून निघू नका, आधी चौकशी करा.

खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. कॅन्सरची ऑपरेशनं, रेडिएशन आणि केमो त्यात बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला उपचार सुरू होण्याआधी भेटायचं. पैसे भरल्यावर नाही. रेशनकार्ड आणि आधारकार्ड दोन्ही मूळ न्या, आणि दोन्हींवर नावाचं स्पेलिंग जुळतं का ते घरीच बघून घ्या. लग्नाआधीचं नाव एकावर आणि नंतरचं दुसऱ्यावर, यात आपल्या बायांचे दोन-दोन दिवस जातात.

ऑपरेशननंतरच्या तारखा मात्र चुकवू नका. आजार उलटायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून या काळात वरचेवर बोलावतात. गाडीभाड्याची अडचण असेल तर गटाच्या मासिक बैठकीत ती तारखेच्या आठवडाभर आधी मांडा. दुसऱ्या दिवशी निघायचं आणि आज सांगायचं, असं केलं तर अध्यक्ष-सचिवांच्या सह्या जमत नाहीत.